गुळवेलीतलं पॉलिसॅकराइड आणि आपल्या भक्षक पेशी: प्लेटमध्ये दिसतं ते पोटात घडतं का?

निळीशाई

गुळवेलीच्या रसाच्या आणि गोळ्यांच्या पाकिटांवर हल्ली "पॉलिसॅकराइडयुक्त, प्रतिकारपेशी चेतवतं" असं ठळक छापलेलं असतं. काढ्याच्या धाग्यावर त्यावरून जुंपली आणि गाडी नेहमीप्रमाणे आयुर्वेद विरुद्ध अॅलोपॅथीच्या रुळावर गेली. तिथे काही लिहिण्यात अर्थ उरला नव्हता, म्हणून हा वेगळा धागा. माझं रोजचं काम पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत आहे. वनस्पतींचे अर्क पेशींवर घालून बघणं हा त्यातला मोठा भाग. कुणी काय घ्यावं हे मी सांगणार नाही, ते डॉक्टर-वैद्यांनी बघावं. पण असा दावा कुठून निघतो आणि बाटलीच्या लेबलपर्यंत येताना वाटेत काय काय गळतं, ते सांगू शकते.

पॉलिसॅकराइड म्हणजे साखरेच्या रेणूंची लांबलचक साखळी. पिठातला स्टार्च, कापसातलं सेल्युलोज, पेरूच्या जेलीतलं पेक्टिन, झाडाचा डिंक, भिजलेल्या मेथीचा बुळबुळीतपणा, सगळे एकाच घराण्यातले. साखर कुठली, ती पुढच्या रेणूला कशी जोडलेली आहे, फांद्या किती फुटल्यात, यावर सगळं अवलंबून. आणि हा फरक पेशींना बरोबर कळतो. तांदळातला स्टार्च आणि यीस्टमधलं बीटा-ग्लुकन दोन्ही निव्वळ ग्लुकोजचे. पण स्टार्चकडे मॅक्रोफेज, म्हणजे जंतू गिळणारी भक्षक पेशी, सहसा ढुंकून बघत नाही आणि बीटा-ग्लुकनसाठी मात्र तिच्या अंगावर डेक्टिन-१ नावाचा खास रिसेप्टर, म्हणजे ओळख पटवणारं प्रथिन, आहे. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी तो २००१ साली ओळखला. कारण उघड आहे: बुरशीच्या भिंतीत बीटा-ग्लुकन असतं, आणि बुरशी अंगात शिरली तर ते कळलंच पाहिजे.

आता गुळवेल. तिच्यातल्या पॉलिसॅकराइडवरचं बरंच काम आपल्याच मुंबईत, ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात झालेलं आहे. वाळलेल्या कांडापासून त्यांनी एक अरॅबिनोगॅलॅक्टन वेगळं काढलं. अरॅबिनोज आणि गॅलॅक्टोज ह्या साखरा त्यात मुख्य, म्हणून हे नाव. त्याला जी१-४ए म्हणतात. १९९९ च्या त्या निबंधात उंदरांच्या बी पेशी (प्रतिपिंडं बनवणाऱ्या) ह्या रेणूमुळे भराभर विभागतात आणि त्यासाठी मॅक्रोफेजची मदतही लागत नाही, असं दाखवलं होतं. पुढच्या कामात हा रेणू मॅक्रोफेजवरच्या टीएलआर४ ह्या रिसेप्टरमधून संदेश देतो, आत एनएफ-कॅपा-बी हे जनुकं चालू करणारं प्रथिन जागं होतं आणि पेशी टीएनएफसारखी संदेशक प्रथिनं सोडते, असं दिसलं. २०१६ साली क्षयाच्या जंतूंवरही काम आलं. जी१-४ए दिल्यावर उंदरांच्या पेशी आत दडलेल्या जंतूंना जास्त चांगलं आवरतात, आणि तेही टीएलआर४ मार्फतच.

सगळं छान आहे. पण टीएलआर४ हे नाव वाचलं की आमच्या क्षेत्रातला माणूस जरा सावरून बसतो. ते का, हाच ह्या धाग्याचा विषय.

टीएलआर४ चा मूळ गिऱ्हाईक एलपीएस. ई. कोलाय वगैरे ग्राम-निगेटिव्ह जंतूंच्या बाहेरच्या आवरणातला हा रेणू. त्यालाच एंडोटॉक्सिन म्हणतात. टीएलआर४ आणि एलपीएसचं नातं १९९८ साली ब्रूस बॉयटलर यांच्या गटाने उलगडलं आणि २०११ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. हा एलपीएस सगळीकडे असतो. नळाच्या पाण्यात, धुळीत, बोटांवर, आणि प्रत्येक झाडाच्या आत-बाहेर राहणाऱ्या जंतूंमध्ये. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेत, जंतू मरतात, एलपीएस जसाच्या तसा राहतो. अर्क उकळला तरी फरक पडत नाही. अर्कात तिप्पट-चौपट अल्कोहोल ओतून पॉलिसॅकराइडचा पांढरा, कापसासारखा साका खाली बसवतात, त्या साक्यात हाही बसतो. कारण त्याचा अर्धा भाग साखरेचाच आहे.

हिशेब बघा. मॅक्रोफेजवर आपण पॉलिसॅकराइड घालतो साधारण १०० मायक्रोग्रॅम दर मिलिलिटरला. त्यात दहा हजारात एक भाग, म्हणजे ०.०१ टक्का एलपीएस असला, तर पेशींना मिळतो १० नॅनोग्रॅम. ह्या पेशी एका नॅनोग्रॅमलाही उसळतात. म्हणजे ९९.९९ टक्के शुद्ध मालसुद्धा खोटी साक्ष देऊ शकतो.

प्रयोग प्रत्यक्षात कसा दिसतो तेही सांगते. ९६ खळग्यांची प्लॅस्टिकची प्लेट, तळहातापेक्षा जरा मोठी. प्रत्येक खळग्यात रॉ २६४.७, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या उंदराच्या मॅक्रोफेज पेशी. अर्क घालून एक दिवस उबवणीत ठेवायचं, दुसऱ्या दिवशी वरचं द्रव घेऊन त्यात ग्रीस अभिकर्मक टाकायचा. पेशींनी नायट्रिक ऑक्साइड बनवलं असेल तर दहा मिनिटांत गुलाबी रंग चढतो. जितका गडद, तितक्या पेशी जागृत. एका ओळीत फिकट गुलाबीपासून राणी रंगापर्यंत चढत गेलेले खळगे दिसले की विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावरही तोच रंग येतो. आणि कसलाही अर्क न घालता नुसता एलपीएस घातला तरी हीच राणी ओळ मिळते.

अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या गटाने हे प्रकरण खणून काढलं. एकिनेशिया आणि "प्रतिकारशक्तीसाठी" म्हणून विकल्या जाणाऱ्या इतर वनस्पतींचे अर्क घेतले, त्यातला एलपीएस आणि जंतूंच्या आवरणातली लिपोप्रोटीनं एकेक करून निकामी केली, आणि मॅक्रोफेजना चेतवण्याची त्या अर्कांची ताकद जवळजवळ सगळी गेली. २००८ चं काम आहे. ज्याला आपण वनस्पतीचा गुण म्हणत होतो, तो बराचसा तिच्या पोटात राहणाऱ्या जंतूंचा निघाला.

म्हणजे गुळवेल खोटी का? तसं मी म्हणत नाहीये. पुढचं प्रतिसादांत बोलू.

हिशेबी

उत्तम लेख. माझी शंका अगदी साधी आहे. प्लेटमध्ये पेशींवर थेट ओतलं ते ठीक, पण माणूस गोळी गिळतो. एवढा मोठा रेणू आतड्यातून रक्तात जातो का?

निळीशाई

@हिशेबी, अख्खा जवळजवळ जात नाही. जी१-४ए चं वजन वीस लाख डाल्टनच्या (रेणूच्या वजनाचं एकक) वर आहे, ग्लुकोजचं १८०. शिवाय स्टार्च सोडला तर ह्या साखळ्या तोडायची हत्यारं आपल्याकडे नाहीतच. माणसाच्या जनुकांत अन्नातल्या कर्बोदकांवर चालणारी विकरं विसाच्या आत. आतड्यातल्या एकट्या बॅक्टेरॉइड्स थीटाआयोटाओमायक्रॉन ह्या जंतूकडे तसली अडीचशेच्या वर आहेत. म्हणजे पॉलिसॅकराइड मोठ्या आतड्यात पोचतं आणि तिथल्या जंतूंचं जेवण होतं. ते जंतू त्यातून अॅसिटेट, प्रोपिओनेट आणि ब्युटिरेट बनवतात.

खरी मजा इथे आहे. २०१३ साली तीन वेगवेगळ्या गटांनी उंदरांत दाखवलं की ह्या छोट्या आम्लांमुळे आतड्यात नियामक टी पेशी वाढतात. नियामक म्हणजे प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या. पाकिटावर लिहिलंय "चेतवतं", आणि तोंडावाटे घेतल्यावर होण्याची जास्त शक्यता आहे ती शांत करण्याची!

थोडा अंश मात्र आतड्याच्या भिंतीतले पेयर्स पॅचेस उचलतात. तिथल्या एम पेशी आतड्यातला माल थोडा थोडा चाखून खालच्या प्रतिकारपेशींकडे सोपवतात. त्यामुळे "तोंडाने घेतलं तर काहीच होत नाही" असंही छातीठोक म्हणता येत नाही. पण प्लेटमधली १०० मायक्रोग्रॅमची मात्रा आणि हा चाखलेला अंश ह्यांची तुलनाच होत नाही.

देवराई

आमच्याकडे भोरच्या बाजूला दरवर्षी सत्त्व काढतात. अंगठ्याएवढं जाड कांड आणायचं, वरची कागदासारखी साल खरवडून टाकायची, बोटभर तुकडे करून ठेचायचं आणि मोठ्या पातेल्यात पाण्यात रात्रभर ठेवायचं. सकाळी हाताने कुस्करून चोथा काढायचा, फडक्यातून गाळायचं आणि पातेलं हलवायचं नाही. तासाभरात तळाला पांढरा थर बसतो. वरचं हिरवट कडू पाणी हळूच ओतून द्यायचं, परत स्वच्छ पाणी घालायचं, परत ओतायचं. शेवटी उरतं ते परातीत वाळवायचं. ढीगभर कांडांतून मूठभर निघतं. निळीशाई, तुमच्या हिशेबाने त्यात ते अरॅबिनो की काय ते असतं का?

निळीशाई

@देवराई, हे इतकं नीट लिहिल्याबद्दल आभार, कारण इथे एक गंमत आहे. तळाला बसतो तो मुख्यतः स्टार्च. म्हणजे हेही पॉलिसॅकराइडच, पण गार पाण्यात न विरघळणारं. जी१-४ए पाण्यात विरघळतं, पाण्याच्या अर्कातूनच ते काढतात. म्हणजे त्यातला बराचसा भाग तुम्ही जे हिरवट पाणी ओतून देता, त्याच्याबरोबर मोरीत जात असणार.

ह्यावरून लेबलचा विचार करा. सत्त्वाच्या डबीवर "पॉलिसॅकराइडयुक्त" छापलं तर ते शंभर टक्के खरं आहे. साबुदाण्याच्या पुडीवर छापलं तरी खरं आहे.

वैद्य_माळरान

स्टार्च म्हणून सत्त्व निकालात काढण्याची घाई नको. २००४ आणि २००६ साली गुळवेलीतूनच मिळालेल्या एका अल्फा-ग्लुकनवर अमेरिकेतून निबंध आलेत. आरआर१ असं त्याचं नाव. जोडणी स्टार्चसारखीच, एक-चार, पण त्याने मानवी लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) चेतवले गेले, मॅक्रोफेजही. रिसेप्टर टीएलआर४ नव्हे, टीएलआर६.

आणि दुसरं. ताई, तुमचा सगळा लेख प्लेट आणि उंदीर ह्यांतच फिरतोय. परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर यांच्या गटाने माणसांवर काम केलं, त्याचा उल्लेख हवा होता. पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीचे ३० रुग्ण. ह्या काविळीत न्यूट्रोफिल ह्या पांढऱ्या पेशी जंतू गिळायला आणि मारायला कमी पडतात, म्हणून शस्त्रक्रियेनंतर जंतुदोषाने रुग्ण दगावतात. निम्म्यांना नेहमीचे उपचार, निम्म्यांना त्यासोबत गुळवेलीचा अर्क, तोही तोंडावाटे, दर किलो वजनाला दिवसाला १६ मिलिग्रॅम. गुळवेल घेणाऱ्यांच्याच न्यूट्रोफिल पेशी पूर्ववत झाल्या. साध्या गटात निम्म्या रुग्णांना सेप्टिसीमिया (रक्तातला जंतुदोष) झाला, गुळवेलीच्या गटात एकालाही नाही. १९९३ साली प्रसिद्ध झालेलं काम आहे. आतड्यातून जात नाही, जंतूच खातात वगैरे ठीक, पण रुग्ण वाचला त्याचं काय करायचं?

निळीशाई

वैद्यबुवा, रास्त मुद्दा, आणि तो अभ्यास मला फार आवडतो. का, तर प्रश्न नेमका होता. "प्रतिकारशक्ती वाढते का" असा मोघम नाही, तर ह्याच आजारात, ह्याच पेशींचं, हेच बिघडलेलं काम सुधारतं का, असा. शिवाय त्या रुग्णांच्या पेशी मुळात थकलेल्या होत्या. धडधाकट माणसाने रोज सकाळी रस प्यायचा, ही वेगळी गोष्ट झाली. तिला ह्या अभ्यासाचा आधार देता येत नाही.

आणि दिला होता तो अख्खा अर्क. त्यात कडू डायटर्पिन आहेत, अल्कलॉइड आहेत, पॉलिसॅकराइडही आहे. श्रेय कुणाचं हे त्यातून ठरत नाही. बाटलीवाले ते सरळ पॉलिसॅकराइडच्या खात्यात टाकतात, माझी तक्रार तेवढीच. ३० रुग्ण म्हणजे सुरुवात. त्यावर मोठी, अनेक रुग्णालयांतली चाचणी उभी राहायला हवी होती. त्याऐवजी रसाच्या बाटल्या उभ्या राहिल्या.

आरआर१ बद्दल: टीएलआर६ जोडीने काम करतो टीएलआर२ बरोबर, आणि ही जोडी जंतूंची लिपोप्रोटीनं ओळखते. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, रिसेप्टर तेवढा बदलला. ते काम चुकीचं आहे असं नाही. पण ह्या क्षेत्रात शुद्धतेचा पुरावा आधी मागतात, टाळ्या नंतर.

शनिवारपेठी

एक कळलं नाही. समजा जी१-४ए खरंच टीएलआर४ ला जाऊन बसतं. मग ते आणि एलपीएस वेगळं कसं ओळखणार? दोघांचं दार तेच, आत गेल्यावर गोंधळही तोच.

निळीशाई

अगदी वर्मावर बोट. म्हणून एका चाचणीवर कुणी विसंबत नाही.

पॉलिमिक्सिन बी हे प्रतिजैविक एलपीएसला चिकटून त्याला निकामी करतं. ते घालूनही पेशी चेतल्या तर एलपीएसवरचा संशय कमी होतो. पण ते लिपोप्रोटीनांना हात लावत नाही, शिवाय एलपीएस जास्त असला तर पुरं पडत नाही. मग पॉलिसॅकराइडची साखळी तोडणारं विकर घालायचं: साखळी तुटली आणि परिणाम गेला, तर गुन्हेगार साखळीच. किंवा अर्क अल्कलीत तापवून एलपीएसमधली मेदाम्लं उडवायची, साखर सहसा टिकते.

एलपीएस मोजायची नेहमीची चाचणी नालखेकड्याच्या रक्तावर चालते. एलपीएस दिसला की त्या रक्तातल्या पेशींचा रस गोठतो. पण ह्या रसात फॅक्टर जी नावाचं आणखी एक प्रथिन आहे, जे बीटा-ग्लुकन दिसलं तरी गोठण्याची साखळी सुरू करतं! म्हणजे ओट्स किंवा यीस्टचं अगदी स्वच्छ बीटा-ग्लुकन आणलंत तरी चाचणी "एंडोटॉक्सिन आहे" म्हणून बोंबलते. त्यासाठी फॅक्टर जी बाद केलेले संच मिळतात, महाग असतात. बऱ्याच निबंधांत कुठली चाचणी वापरली तेसुद्धा लिहिलेलं नसतं, चीड येते.

आणखी एक, जे कुणी फारसं बोलत नाही. गुलाबी रंगाची ती नायट्रिक ऑक्साइडची चाचणी उंदरांच्या पेशींवर झकास चालते. माणसाच्या मॅक्रोफेज पेशी तशाच वाढवल्या आणि तसंच चेतवलं तर त्या नायट्रिक ऑक्साइड नावापुरतंच बनवतात. बी पेशींचंही तसंच. एलपीएसने उंदराच्या बी पेशी धडाधड विभागतात, माणसाच्या नाही, कारण त्यांच्यावर टीएलआर४ नगण्य असतो. मग "बी पेशी वाढवते" हे वाक्य उंदराच्या प्लेटमधून उचलून माणसाच्या बाटलीवर कसं चिकटवायचं?

खापरपोळी

वाचतेय, मस्त धागा. अवांतर होईल पण विचारते. डिंकाचे लाडू बाळंतिणीला देतात ते ह्याच कारणाने का? डिंक पण तुमच्याच घराण्यातला म्हणालात.

निळीशाई

@खापरपोळी, बाभळीच्या जातीचा डिंक तर थेट अरॅबिनोगॅलॅक्टनच, थोडं प्रथिन जोडलेलं. म्हणजे गुळवेलीच्या रेणूचा चुलत भाऊ. पण म्हणून डिंक खाल्ला की पांढऱ्या पेशी उठून बसतात असं नाही. तो मोठ्या आतड्यात जाऊन जंतूंचं खाद्य होतो, वर सांगितलं तेच. बाळंतिणीला त्या लाडवातलं तूप, खारीक, खोबरं आणि खसखस जास्त उपयोगी पडत असणार. लाडू खा, कारण शोधू नका.

राइनकाठची

मी जर्मनीत असते. इथे थंडी सुरू झाली की औषधांच्या दुकानात एकिनेशियाचे थेंब पुढच्या फळीवर येतात. माझ्या सासूबाई सर्दीची पहिली शिंक आली की सुरू करतात, आणि सर्दी आठवड्यात जाते. न घेता सात दिवसांत जाते म्हणा. पण इथले लोक हे फार गांभीर्याने घेतात, म्युनिकला ह्या वनस्पतीच्या पॉलिसॅकराइडवर पूर्वी बरंच काम झालंय असं वाचलं होतं.

निळीशाई

झालंय, वाग्नर यांच्या गटाने ऐंशीच्या दशकात. पण अल्कोहोलमधले थेंब आणि पॉलिसॅकराइड ह्यांचं जमत नाही. अल्कोहोल घातलं की पॉलिसॅकराइड साक्यात जातं, वर लिहिलंय बघा. अल्कोहोल जास्त असलेल्या थेंबांत ते राहतं कितीसं? त्यात अल्किलअमाइड नावाची वेगळीच द्रव्यं असतात, जिभेला मुंग्या आणणारी. २०१४ च्या कॉक्रेन आढाव्यातही (अनेक चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) सर्दीवर एकिनेशियाचा फायदा झालाच तर किरकोळ, इतपतच निघालं.

डॉ_सरळमार्गी

मी पोटविकारांचा डॉक्टर. इथे आतापर्यंत "काम करतं की नाही" हेच चाललंय. काम करत असेल तर काय, हेही बघा.

करोनाच्या पहिल्या वर्षी घरोघर गुळवेल उकळत होती. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० ह्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांकडे यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आले, सहाही जण गुळवेल घेणारे. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. सूज ऑटोइम्यून हिपॅटायटिसच्या वळणाची होती, म्हणजे स्वतःच्याच प्रतिकारपेशी यकृतावर उठलेल्या. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला: वनस्पती गुळवेलच होती कशावरून, टिनोस्पोरा क्रिस्पा ही तिची बहीण असेल, रुग्णांना आधीचे आजार होते. आक्षेपात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही, क्रिस्पाच्या कांडावर ठसठशीत गाठी असतात पण वाळून तुकडे झाल्यावर कोण बघतो? पुढे २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांतले मिळून ४३ रुग्ण नोंदले गेले. काहींनी घेतलेली वनस्पती तपासली, ती गुळवेलच होती.

हे पॉलिसॅकराइडमुळे झालं असं कुणी सिद्ध केलेलं नाही. पण ज्यांना थायरॉइडचा ऑटोइम्यून त्रास, सोरायसिस, ल्युपस, संधिवात आहे, ज्यांचं किडनी किंवा यकृताचं रोपण झालंय आणि प्रतिकारशक्ती दाबायच्या गोळ्या चालू आहेत, त्यांच्या बाबतीत "प्रतिकारपेशी चेतवतं" ही जाहिरात नसून इशारा आहे. माझ्याकडे रुग्ण येतात, औषधं काय चालू आहेत विचारलं की बीपीची गोळी सांगतात, काढा सांगत नाहीत. ते औषधच वाटत नाही त्यांना. डोळे पिवळे, लघवी गडद, खाज, अन्नावरची वासना गेली, ह्यातलं काही दिसलं तर आधी ते बंद करा आणि एलएफटी, म्हणजे यकृताची रक्ततपासणी, करा.

वैद्य_माळरान

डॉक्टरांशी सहमत. आमच्याकडेही गुळवेल सर्वांना, बारा महिने, वाटीभर, असं कुणी सांगितलेलं नाही. प्रकृती, मात्रा, काळ बघूनच द्यायची असते. करोनात वैद्याला विचारलं कुणी? मोबाइलवर आलं आणि पातेलं चढलं.

एक मात्र म्हणतो. त्या मिसिसिपीच्या अभ्यासातून निळीशाई ताई म्हणतात की गुण झाडाचा नसून आतल्या जंतूंचा. असेना का. झाड आणि त्यातले जंतू वेगळे वाढतच नाहीत. लिंबावर चढलेली गुळवेल वेगळी मानतात, त्यामागेही तसलं काही असू शकेल.

निळीशाई

वैद्यबुवा, हे मला पटतं, आणि त्या गटानेही पुढे ह्याच दिशेने विचार केला. पण मग परिणाम अवलंबून राहणार जंतूंच्या संख्येवर. कुठल्या जमिनीतली, कुठल्या महिन्यात तोडलेली, किती दिवस गोणीत पडून राहिलेली. एका बाटलीतला माल दुसरीपेक्षा दसपट ताकदीचा निघेल, आणि गोणीत बुरसटलेली वेल प्लेटमध्ये सगळ्यांत "गुणकारी" ठरेल. हे औषध म्हणून प्रमाणित कसं करायचं?

हिशेबी

मग एखादं तरी वनस्पतीचं पॉलिसॅकराइड खऱ्या वापरापर्यंत पोचलंय का? कोवोव्हॅक्स ह्या करोना लशीत झाडाच्या सालीतलं काहीतरी होतं ना, पुण्यातच बनली ती?

निळीशाई

कोवोव्हॅक्समधलं ते मॅट्रिक्स-एम, चिलीतल्या क्विलाया झाडाच्या सालीतलं सॅपोनिन. आपल्या रिठ्यात फेस येतो तो सॅपोनिनचाच. पॉलिसॅकराइड नव्हे.

पण लशींमध्येच एक अस्सल उदाहरण आहे, इन्युलिन. चिकोरीच्या मुळांत असतं, कॉफीत मिसळतात ती चिकोरी. फ्रुक्टोजची साखळी. एका विशिष्ट पद्धतीने त्याचे बारीक स्फटिक केले की डेल्टा इन्युलिन मिळतं, आणि लशीसोबत टोचलं की लशीला मिळणारा प्रतिसाद वाढतो. ऑस्ट्रेलियात हे विकसित झालं. त्याचा वापर केलेल्या स्पायकोजेन ह्या करोना लशीला इराणने २०२१ मध्ये तातडीच्या वापराची परवानगी दिली. तेच इन्युलिन खाल्लं तर नुसता तंतू, फार तर पोटात गुडगुड. विरघळलेलं असलं तरी लशीत काम करत नाही, कणच लागतात. बीटा-ग्लुकनचंही असंच आहे. विरघळलेलं बीटा-ग्लुकन डेक्टिन-१ ला नुसतं चिकटतं, पेशी खऱ्या अर्थाने पेटते ती कणावरचं बीटा-ग्लुकन भेटल्यावर. पेशीच्या दृष्टीने त्यात शहाणपण आहे: कण म्हणजे जंतू समोर उभा, विरघळलेलं म्हणजे लांब कुठेतरी पडलेला कचरा.

कोरफडीतलं असिमॅनन अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या फायब्रोसार्कोमा ह्या गाठीसाठी, शस्त्रक्रियेच्या जोडीला टोचायला मान्य झालं होतं. तैवानमध्ये अॅस्ट्रॅगॅलसचं पॉलिसॅकराइड कर्करुग्णांच्या थकव्यावर शिरेतून देतात. काही लक्षात येतंय? सगळीकडे सुई. रसाची बाटली कुठेच नाही.

हिशेबी

आलं लक्षात. घरच्या दोन बाटल्या संपवतो आणि पुढच्या आणत नाही. पैसे दिलेत शेवटी.

मायक्रोवाली

निळीशाई ताई, मी एमएस्सी मायक्रोबायोलॉजी, दुसरं वर्ष. प्रोजेक्ट शतावरीच्या पॉलिसॅकराइडवर आहे, रॉ २६४.७ वरच. माझी ओळ तुम्ही म्हणता तशी राणी रंगाची आली आहे आणि हा धागा वाचल्यापासून झोप नाही. आमच्याकडे नालखेकड्याच्या चाचणीचा संच घ्यायला बजेट नाही. पॉलिमिक्सिन बी विभागात आहे. काय करू?

निळीशाई

@मायक्रोवाली, अगं झोप घे आधी. पॉलिमिक्सिन आहे म्हणजे अर्धं काम झालं. पण ते नुसतं अर्कासोबत घालू नकोस. शेजारी एलपीएसची ओळ लाव: १, १० आणि १०० नॅनोग्रॅम, प्रत्येक पॉलिमिक्सिनसह आणि पॉलिमिक्सिनशिवाय. तुझ्या पॉलिमिक्सिनने १० नॅनोग्रॅमचा रंग पूर्ण उतरवला आणि अर्काचा उतरला नाही, तर परीक्षकांसमोर ताठ मानेने उभी राहा. नुसत्या पॉलिमिक्सिनचा खळगाही ठेव, जास्त झालं तर ते पेशींना मारतं आणि रंग गेल्याचा खोटा आनंद होतो. त्यासाठी त्याच प्लेटवर एमटीटी करून पेशी जिवंत आहेत ते बघ.

आणि कोरा अर्क कर. शतावरी न घालता तेच पाणी, तीच भांडी, तेच अल्कोहोल, तेच डायलिसिस (पिशवीतून लहान रेणू धुऊन काढणं), शेवटपर्यंत. तो पेशींवर घाल. त्याला रंग आला तर दोष भांड्यांचा आहे.

मायक्रोवाली

कोरा अर्क केलाच नव्हता ताई. उद्याच लावते. काचेची भांडी ऑटोक्लेव्ह केलेली वापरली होती, ते चालणार नाही म्हणजे? एलपीएस जाळायला कोरड्या उष्णतेचे २५० अंश लागतात असं वाचलंय, पण आमचा ओव्हन तिथवर जात नाही, १८० ला थांबतो.

निळीशाई

२५० ला अर्धा तास पुरतो, १८० असेल तर रात्रभर ठेव. भांडी फॉइलमध्ये गुंडाळून ठेव आणि सकाळी पेशींचं काम सुरू करेपर्यंत उघडू नकोस. प्लॅस्टिकच्या नळ्या ओव्हनमध्ये जाणार नाहीत, त्या पायरोजन-मुक्त (एलपीएससारख्या ताप आणणाऱ्या द्रव्यांपासून मुक्त) लिहिलेल्याच घे. पाणी विभागाच्या डिस्टिलेशनचं नको, साठवणीच्या टाकीत जंतू असतात. औषधांच्या दुकानात इंजेक्शनसाठीच्या पाण्याच्या छोट्या बाटल्या मिळतात, त्या स्वस्त पडतात. डायलिसिसची पिशवीही त्याच पाण्यात धू.